आधी दारू की आधी डोकं? धाकट्याच्या वहीतून कळलेली गोष्ट

पूर्वभागकर | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसतं वाचतोय, लिहायचा धीर होत नव्हता. गेल्या आठवड्यात एक गोष्ट कळली. ती सहा वर्षांपूर्वी कळली असती तर आमच्या घरातलं बरंच काही वाचलं असतं, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, शाळा मराठी. आई विड्या वळते. धाकटा भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे, वय ३१. सहा वर्षं पितोय. आधी शनिवारी, मग रोज, मग सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या.

सुरुवातीला एका डॉक्टरांनी उदासीवरची गोळी दिली होती. पुढे व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं, तिथं पहिल्याच दिवशी ती गोळी काढून घेतली. "इथं सगळं बंद म्हणजे सगळं बंद." तीन महिन्यांनी घरी आला तेव्हा पीत नव्हता, पण बोलतही नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मग मानसोपचाराच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले आधी वर्षभर दारूशिवाय राहू दे, मग आजाराचं बघू. महिन्यात परत प्यायला लागला. दुसऱ्या केंद्रात गेलो तर तिथले म्हणाले हा फार अस्वस्थ आहे, आधी डोक्याचं बघून या, मग भरती करू. दोन्ही दारं आमच्या तोंडावर बंद झाली, आणि प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवत होता.

गेल्या महिन्यात तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो सहा वर्षांत आम्हाला कुणी विचारला नव्हता: "दारू सुरू व्हायच्या आधीच्या चार दिवसांत हा कसा असतो?"

मी म्हटलं, आठवत नाही. आई म्हणाली, त्याची वही बघा.

मागावर पगार मालावर असतो, त्यामुळे धाकटा रोजचा हिशेब वहीत लिहितो. शंभर पानी वही, कडा तेलानं काळ्या झालेल्या, पानापानात सुताचे तंतू. तीन रकाने: तारीख, पाळी, डझन. मी ती वही घेऊन रात्री दोन वाजेपर्यंत बसलो. बहुतेक पानांवर एकच पाळी. पण मधेच एखादा आठवडा असा येतो की पाळीच्या रकान्यात सलग पाच दिवस "दि+रा" लिहिलंय. दिवसपाळी स्वतःची आणि रात्रपाळी दुसऱ्याच्या मागावर. अक्षर मोठं होत गेलेलं, रकान्याबाहेर सांडलेलं. एका पानाच्या कडेला चार माग विकत घ्यायचा हिशेब, व्याजासकट. त्यानंतर दहा-बारा दिवस कोरे, नुसती एक उभी रेघ. सहा वर्षांत असं सात वेळा.

आईला त्यातल्या बऱ्याच तारखा आठवल्या. एकदा गणपतीत चार रात्री झोपला नव्हता. गल्लीभर पेढे वाटले, हप्त्यावर दोन मोबाईल आणले, चुलत्याला "तुमच्या पोराला मी मालक करतो" म्हणाला. आम्हाला वाटलं, पोरगं सुधारलं, कामाला लागलं. पाचव्या रात्री आईला म्हणाला, "अम्मा, डोकं थांबत नाही." आणि बाहेर जाऊन पिऊन आला. त्या दिवशी त्याला झोप लागली.

म्हणजे आधी झोप उडायची, दारू नंतर यायची. डॉक्टर म्हणाले, बायपोलर आजार आहे, म्हणजे मन काही दिवस फार वर उडतं आणि काही दिवस फार खाली पडतं. हा नेहमी पडलेल्या अवस्थेत दवाखान्यात यायचा, म्हणून उदासीच तेवढी दिसली. आणि बायपोलरमध्ये मन स्थिर ठेवणारं औषध न देता नुसती उदासीची गोळी दिली तर ती काही जणांना उलट वर उडवते.

आता दोन्हींचे उपचार एकाच ठिकाणी सुरू झालेत. मला विचारायचंय, असं दोन्ही बरोबर असलेलं कुणाच्या घरी आहे का? कसं निभावलंत?

रोखठोक | बुधवार, सकाळी ८.०५

राग मानू नका, स्पष्ट लिहितो. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा आमची आख्खी चाळ पीत होती. त्या सगळ्यांना काय बायपोलर होता? काम गेलं, लाज वाटली, प्यायले. ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी सोडली. हल्ली प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव मिळतं आणि पिणाऱ्याला सबब मिळते. भोगते ती त्याची आई.

निवांत | बुधवार, दुपारी २.३०

पूर्वभागकर, वही जपून ठेवा. मी मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. इतका चांगला पुरावा घेऊन येणारे नातेवाईक फार थोडे पाहिले.

रोखठोक, तुमच्या चाळीचा प्रश्न रास्त आहे. सगळ्यांना आजार नव्हता. पण त्यातले काही दुसरं काम मिळाल्यावर थांबले आणि काही थांबलेच नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्याकडे यायचे ते हे दुसरे. त्यांच्याशी नीट बोललं की बऱ्याच वेळा दारूच्या खाली आणखी काहीतरी सापडायचं. कुणाला वर्षानुवर्षांची उदासी, कुणाला छातीत धडधड होऊन मरणाची भीती, कुणाच्या कानात आवाज.

दोन्ही एकत्र का येतात याची एकच वाट नाही. कुणी आजाराचा त्रास शमवायला पितो. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खँटझियन यांनी १९८५ मध्ये हा विचार ठळकपणे मांडला की माणूस स्वतःच स्वतःला औषध देऊ पाहतो. कुणाच्या बाबतीत उलटं असतं, दारूच मेंदूतली रसायनं बिघडवून उदासी आणते. आणि काही घराण्यांत दोन्हींचा कल रक्तातूनच येतो, लहानपणी मार, उपासमार, मरण पाहिलेलं असेल तर तो वाढतो. एकाच माणसात या तिन्ही गोष्टी असू शकतात.

दारूनं झोप लागते हे खरं, म्हणूनच फसायला होतं. पहिले दोन-तीन तास गाढ जातात, मग अंमल उतरला की झोप तुटत राहते. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे आणि छातीवर दगड. ज्याचा आजारच झोपेवर तोललेला आहे, त्याला हे विष आहे.

दारूनं आलेली उदासी बहुधा दोन ते चार आठवडे कोरडं राहिल्यावर बरीच उतरते, म्हणून डॉक्टर थोडं थांबून निदान पक्कं करतात. ते बरोबरच आहे. पण चार आठवडे देखरेखीखाली थांबणं आणि "वर्षभर सोडून दाखव, मग ये" म्हणणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्याला आजारामुळे सोडता येत नाही, त्याला सोडण्याची अट घालणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालत येऊन प्लास्टर घे म्हणणं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याचं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात दारूच्या आजाराच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८६ जण उपचाराविना असल्याचं दिसलं. २०१९ मध्ये एम्सच्या अहवालात देशात साधारण १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे असा अंदाज आला. एवढ्या लोकांना "मनावर घे" हे आपण पिढ्यान् पिढ्या सांगतोच आहोत.

एकेक_दिवस | बुधवार, रात्री १०.१५

अकरा वर्षं झाली, प्यायलो नाही. ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभेत जातो, अजूनही. त्या सभांनी मला वाचवलं हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचून गैरसमज नको.

माझा त्रास वेगळा होता. बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, कुठंही एकदम छाती भरून यायची, हातापायाला मुंग्या, आता मेलो असं वाटायचं. क्वार्टर मारली की पंधरा मिनिटांत शांत. चौदा वर्षं मी त्याला दारूची तलफ समजत होतो. डॉक्टरांनी पॅनिकचा आजार सांगून गोळी दिली, ती चालू असताना सात महिने कोरडा राहिलो. मग एका जुन्या सदस्यानं प्रेमानंच सांगितलं की गोळीपण नशाच, ती सोड, तेव्हा खरा मुक्त होशील. मी एका दिवसात बंद केली. अकराव्या दिवशी सात रस्त्यावर रिक्षात झटका आला आणि उतरलो तो थेट दुकानात.

नंतर कळलं की ए.ए.च्या स्वतःच्या पत्रकातच लिहिलंय, सदस्यांनी डॉक्टर बनू नये. मानसिक आजारावरचं, डॉक्टरांनी दिलेलं औषध घेणं म्हणजे व्यसनमुक्ती मोडणं नव्हे. झोपेच्या आणि घाबरण्यावरच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं आहे, डॉक्टरांना आपला दारूचा इतिहास सांगितलाच पाहिजे. पण ते ठरवणार डॉक्टर. सभेतला माझ्यासारखा माणूस नाही.

पूर्वभागकर, धाकट्याला सांगा, सभेत कुणी गोळी सोड म्हणालं तर हात जोडायचे आणि चहा प्यायचा.

चिंचेखाली | गुरुवार, दुपारी १२.५०

मी बार्शीची. हे कुणाला सांगितलं नाही, इथं नाव नाही म्हणून लिहिते.

मिस्टर प्यायचे आणि संशय घ्यायचे. दूधवाला, दीर, शाळेचे सर, कुणावरही. मी दळण घेऊन यायला दहा मिनिटं उशीर केला तर साडीचा वास घ्यायचे. सगळे म्हणायचे, पिऊन बोलतो, सकाळी विसरतो. पण ते सकाळीपण विसरायचे नाहीत. हा दारूबरोबर चिकटलेला वेगळा आजार असतो हे मला फार उशिरा कळलं.

एका ओळखीच्या बाईनं गोळ्या आणून दिल्या. म्हणाली आमटीत टाक, त्यांना कळू देऊ नको, आपोआप सुटेल. मी आठ दिवस आमटीत कुटून टाकल्या. नवव्या दिवशी ते पिऊन आले आणि उंबऱ्यातच तोंड लालबुंद, घाम, उलटी, श्वास लागेना. पाठीवर हात ठेवला तर छाती धाडधाड उडत होती, बोटांना लागत होती. मला वाटलं, मी माझ्या हातानं मारलं. देवाच्या कृपेनं वाचले. पण शुद्धीवर आल्यावर त्यांचा संशय खरा ठरला की ओ. "बायको जेवणात घालते" हे ते आता कुणालाही सांगू शकतात, आणि ते खोटं नाही.

औषधवाला | गुरुवार, दुपारी ४.२०

ताई, तुमचा दोष नाही, तुम्हाला गोळी देणाऱ्यांचा आहे. ती गोळी बहुतेक डायसल्फिराम. दारू शरीरात मोडताना मध्ये ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. ही गोळी तो पुढे मोडू देत नाही, तो साठतो आणि तुम्ही पाहिलंत ते घडतं. हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करूनच ती द्यायची असते. शिवाय संशयाचा, भासांचा आजार असेल तर तो या गोळीनं वाढूही शकतो. माझ्या काउंटरवर महिन्यात दोन-तीन बायका "गुपचूप द्यायची गोळी" मागतात. मी देत नाही, पण पुढच्या दुकानात मिळत असणार याचं वाईट वाटतं.

आणि विडी-सिगारेटचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. क्लोझापिन, ओलान्झापिन अशी काही मनोविकाराची औषधं विडीच्या धुरामुळे शरीरातून लवकर निघून जातात. त्यामुळे ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो, आणि एकदम विडी सोडली तर तोच डोस अंगावर येतो, माणूस दिवसभर गुंगीत राहतो. विडी सोडाच, पण सोडताना डॉक्टरांच्या कानावर घाला.

निवांत | गुरुवार, संध्याकाळी ७.००

एक धोक्याची गोष्ट राहिली. रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करू नका. खोलीत कोंडून "तीन दिवसांत उतरेल" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत, त्यातल्या एका घरात चौथ्या दिवशी तिरडी बांधली. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम. अंगावर किडे चालतात, भिंतीवर माणसं दिसतात, ताप चढतो. शेजारी म्हणतात बाधा झाली. ही बाधा नाही, तातडीनं रुग्णालयात न्यायची वेळ आहे. आणि जुन्या पिणाऱ्याला ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून सलाईन लावणाऱ्याला "हा रोज पितो" हे लाज सोडून सांगा.

रोखठोक | शुक्रवार, सकाळी ७.४५

सगळं वाचलं. चिंचेखाली ताई, तुमचं वाचून काल झोप आली नाही.

माझं म्हणणं पूर्ण बदललेलं नाही. आजार असेल, मान्य. पण आजार आहे म्हणून बायकोवर हात उगारला तर चालतो का? आजाराचं सर्टिफिकेट मिळालं की पुढचं सगळं माफ, अशी भीती वाटते. आणि दारू हाताशी आहे तोवर काय उपयोग? सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ऑपरेशन परिवर्तन केलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवाल्यांना दुसऱ्या धंद्याला लावायला बघितलं, तसं काम पाहिजे.

चिंचेखाली | शुक्रवार, सकाळी ११.३०

नाही चालत, दादा. ते उपचार घेतात म्हणून मी परत गेले असं नाही. मी माहेरीच आहे. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात त्यांच्याबरोबर जाते, कारण औषध कोण देतंय हे त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं. आता गोळी ते स्वतःच्या हातानं घेतात, मी फक्त समोर बसते. संशय कमी झालाय, गेला नाही. मारलेलं मी विसरले नाही आणि डॉक्टरांनी विसरायला सांगितलंही नाही. त्यांचा आजार त्यांनी सांभाळायचा, माझं अंग मी.

आणि भट्टी बंद झाली ते चांगलंच. पण आमच्याकडे एकदा दुकान आठ दिवस बंद होतं, तेव्हा संशय दुप्पट झाला होता.

पूर्वभागकर | शुक्रवार, रात्री ११.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला प्रत्येक पोस्ट तेलुगूत वाचून दाखवली. एकेक_दिवस यांची रिक्षाची गोष्ट ऐकून धाकटा पलंगावर उठून बसला. म्हणाला, "ह्यांना विचार, अजून भीती वाटते का."

एक विचारायचंय. मधे त्यानं जीव द्यायची भाषा केली होती. पुन्हा तसं झालं, तो यायला तयार नसला, तर काय करायचं? पहिल्या केंद्रानं गाडी पाठवून चार माणसांनी उचलून नेला होता. ते त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही.

एकेक_दिवस | शुक्रवार, रात्री ११.३५

वाटते. कमी वेळा. आता भीती आली की ती किती मिनिटांत जाते हे घड्याळात बघतो. मागची सहा मिनिटं होती. त्याला नंबर हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, कधीही.

निवांत | शनिवार, सकाळी ९.१५

मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, २०१८ पासून लागू. त्यात दारू आणि नशेशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच धरल्यात. म्हणजे अशा रुग्णांना ठेवून घेणारी केंद्रंही या कायद्याखाली येतात, त्यांची नोंदणी लागते, आणि साखळीनं बांधणं गुन्हा आहे. भरती करण्याआधी नोंदणी क्रमांक मागा, आणि मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात ते विचारा. घरातली औषधं चालू ठेवणार का, हे लेखी घ्या.

जिवाला धोका असेल आणि तो स्वतः ठरवण्याच्या अवस्थेत नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, तज्ज्ञांनी तपासून, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस दाखल करता येतं. हा प्रतिनिधी कोण हे धाकट्यानं आत्ताच, बरा असताना, साध्या कागदावर लिहून सही करून ठेवावं. जबरदस्तीची वेळ आलीच तर माणूस निदान त्याच्या पसंतीचा असेल. विमा कंपन्यांनाही मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्याच धर्तीवर द्यावा लागतो.

जीव द्यायची भाषा झाली की एकटं सोडायचं नाही, दोर, औषधं, कीटकनाशक नजरेआड, आणि सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात. फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, रात्रंदिवस, मराठीतूनही. नशेसाठी वेगळी हेल्पलाइन १४४४६.

पूर्वभागकर | रविवार, रात्री ९.५०

कागद झाला. प्रतिनिधी म्हणून त्यानं माझं नाव घातलं नाही, आईचं घातलं. वाईट वाटलं, पण गाडी बोलावली होती ती मीच.

लिव्हरचे आकडे वाढलेले आहेत म्हणून मन स्थिर ठेवणाऱ्या औषधांतलं, लिव्हरवर भार न टाकणारं लिथियम डॉक्टरांनी निवडलंय. आता एप्रिल संपत आला, सोलापूरचं ऊन ४२ च्या वर जातंय आणि मागाच्या शेडवर पत्रा. डॉक्टर म्हणाले, घाम जाऊन अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियम रक्तात वाढतं, आणि दारूनं लघवी जास्त होऊन तेच होतं. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, ब्रुफेन परस्पर घ्यायची नाही. हात जास्त थरथरले, जुलाब झाले, पाय लटपटले तर त्याच दिवशी यायचं. मालकाशी बोलून दिवसपाळी एकच ठरवली, रात्रपाळी बंद. आई मोठ्या बाटलीत पाणी आणि ताक देते, मीठ नेहमीएवढंच. वहीत त्यानं स्वतः चौथा रकाना आखलाय, झोप. काल लिहिलंय, साडेसहा तास.

उद्या लिथियमसाठी पहिल्यांदा रक्त द्यायचंय. सकाळची गोळी घेऊन जायचं की न घेता?

औषधवाला | रविवार, रात्री १०.०५

न घेता. रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी रक्त द्यायचं, म्हणजे आज दहाला घेतली असेल तर उद्या दहाला. सकाळची गोळी खिशात ठेवा, रक्त दिलं की लगेच घेऊ दे. नेहमी हीच वेळ पाळा, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. किडनी आणि थायरॉईडची तपासणी कागदावर लिहिलीय का तेही बघून घ्या, आणि वही बरोबर न्या.